मृत समुद्रातला स्फोट: मॉडेलमध्ये पाण्याचा थर कसा घालायचा?

प्रश्न: नोव्हेंबर 1999 मधल्या 5 टनांच्या स्फोटाचं सिंथेटिक (मॉडेलवरून गणलेली भूकंपलहरींची नोंद) काढतोय, खोली सुमारे 70 मीटर. पाण्यात एस-वेग (द्रवातून न जाणाऱ्या आडव्या कंपनाच्या लाटांचा वेग) शून्य दिला की प्रोग्रॅम बंद पडतो. 0.01 किमी/से. देऊ का?

उत्तर 1: नको, त्याने खोट्या मंद लाटा घुसतात. द्रव थराचा पर्याय चालू करा. पी-वेगही (दाबलाटांचा, म्हणजे पाण्यातल्या ध्वनीचा वेग) नेहमीच्या पाण्याचा 1.5 ठेवू नका. तिथलं पाणी फार खारट, 1.77 किमी/से. घ्या, घनता 1.23 ग्रॅम/घसेमी.

उत्तर 2: मॉडेलमधल्या भूकवचाच्या थरांना हात लावण्याआधी स्फोटाच्या वायूचा, पाण्यात फुगणारा-आकसणारा बुडबुडा तपासा. त्याचा आवर्तकाल साधारण 0.9 सेकंद, म्हणून वर्णपटात (कोणत्या वारंवारतेला किती ऊर्जा याच्या आलेखात) दर 1.1 हर्ट्झच्या अंतराने खाचा दिसतात. लोक त्यांना थरांचा परिणाम समजून जाडी बदलत बसतात!

उत्तर 3: शिवाय खोऱ्यात गाळ कित्येक किलोमीटर, काठाबाहेर खडक. खोऱ्यालगतच्या आणि खोरं ओलांडणाऱ्या मार्गांना एकच मॉडेल लावलं, तर एस-लाटांची वेळ जुळणारच नाही.

प्रश्नकर्ता: पर्याय सापडला, चाललं. खाचांमधलं अंतरही 1.1 हर्ट्झच आहे.