मदत हवी आहे: वॉरंटीतील लॅपटॉप ‘पाणी शिरले’ म्हणून नाकारला

नमस्कार. मी डिचोलीला राहतो. एका नामांकित कंपनीचा लॅपटॉप वॉरंटीत असतानाच ऐन पावसाळ्यात एकाएकी बंद पडला. पणजीतील अधिकृत सेवा केंद्राने तो ठेवून घेतला आणि काही आठवड्यांनी, मदरबोर्डवर चार्जिंगच्या खाचेजवळ हिरवट गंज धरल्याचा फोटो दाखवून, यंत्रात पाणी शिरल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही, असे सांगितले. लॅपटॉपवर पाणी कधीच सांडलेले नाही. शिवाय आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तेव्हा हवेतील दमटपणा आणि सांडलेले पाणी यांतला फरक केंद्राने कसा ठरवला, याचे उत्तर लेखी मागूनही मिळालेले नाही. ग्राहक सेवेला फोन केला की दर वेळी नवा माणूस पहिल्यापासून सगळे विचारतो. तक्रार ‘निकाली’ काढल्याचा संदेश तेवढा तत्परतेने येतो.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक तक्रार आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, एवढे मला ठाऊक आहे. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही नोंद केली आहे. अडचण पुराव्याची आहे. बाहेरच्या तंत्रज्ञाने लॅपटॉप उघडून दिलेला अहवाल आयोग ग्राह्य धरतो का, की त्यामुळे कंपनीला छेडछाडीचे आयते निमित्त मिळेल? उत्तर गोव्यात असा दावा कोणी चालवला असल्यास कृपया सांगावे.