विश्वास कमी पडल्यामुळे प्रार्थना ऐकली गेली नाही, असे म्हणणे शास्त्राला धरून आहे काय?

प्रश्न : घाटंजी तालुक्यातून
सर्वांना सलाम. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान मूत्रपिंडाच्या आजाराने आषाढात वारले. डायलिसिस चालू असताना आमच्या ख्रिस्ती मंडळीने साखळी प्रार्थना (तासातासाला आळीपाळीने) ठेवली, दर शुक्रवारी उपास केला आणि याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे वडीलजनांनी तेल लावून प्रार्थनाही केली. त्याच महिन्यात दुसऱ्या एका घरातील मुलगा मोठ्या शस्त्रक्रियेतून वाचला आणि त्याच्या आईने रविवारच्या उपासनेत साक्ष दिली. दफनविधीनंतरच्या घरगुती प्रार्थनेत मात्र एका वडीलधाऱ्यांनी माझ्या बहिणीला ऐकवले की, या घरात कुठेतरी शंका होती. तेव्हापासून ती उपासनेला आलेली नाही. ‘मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल’ या वचनाचा अर्थ मग कसा लावायचा?

उत्तर : निवृत्त शिक्षक, अचलपूर
तुमच्या बहिणीला जे ऐकवले गेले, त्याला शुभवर्तमानात आधार नाही. मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला उघडपणे सांगतो की, माझा विश्वास आहे, पण माझा अविश्वासही घालवून टाक. आणि तरीही त्याचा मुलगा बरा होतो. कफर्णहूमच्या पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उसकटून खाली सोडले, तेव्हा येशूने त्या आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला. नाईन गावच्या विधवेने तर काही मागितलेच नव्हते. तिच्या मुलाची तिरडी वेशीतून बाहेर पडताना पाहून येशूला कळवळा आला, एवढेच लूक सांगतो. विश्वासाचे माप घेऊन त्या प्रमाणात आरोग्य वाटले गेले, असे या तिन्ही प्रसंगांत कुठेही दिसत नाही.

उलट बाजूही पाहावी. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातील काटा, म्हणजे सतत सलणारा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला आणि कृपा पुरेशी आहे, एवढेच उत्तर त्याला मिळाले. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना केली आणि तो टळला नाही. त्याच्या विश्वासात उणीव होती, असे म्हणण्याचे धाडस ते वडीलधारे करतील काय? वाईट हेतूने मागितलेले मिळत नाही, असे याकोब लिहितो हे खरे. परंतु नवऱ्याचा जीव वाचावा असे मागण्यात कसला वाईट हेतू?

उत्तर : अमरावती
गुरुजींच्या म्हणण्याशी मी बहुतांशी सहमत आहे. तरी ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे शब्द आपण पुष्कळदा प्रार्थना लवकर आटोपण्यासाठी वापरतो, असे मला वाटते. अन्यायी न्यायाधीशाच्या दाराशी सतत जाणाऱ्या विधवेचा दाखला येशूने खचून न जाता मागत राहावे यासाठीच दिला.

न मिळालेल्या मागण्यांविषयी बोलताना मोनिकेचे उदाहरणही नेहमी देतात. मुलगा ऑगस्टीन (पुढे चर्चचा थोर संत) याने समुद्रापार जाऊ नये म्हणून ती कार्थेजला रात्रभर प्रार्थना करत राहिली आणि तो त्याच रात्री रोमकडे निघून गेला. पुढे 387 मध्ये मिलानला त्याचा बाप्तिस्मा झाला. देवाने त्या रात्रीचे मागणे नाकारले ते मुलाने ख्रिस्ती व्हावे हे तिचे मूळ मागणे देण्यासाठी, असे ऑगस्टीनने स्वतः लिहून ठेवले आहे. मात्र हा अर्थ त्याला पुष्कळ वर्षांनी लागला. तुमच्या बहिणीला इतक्यात ही कथा कोणी सांगू नये.

उत्तर : परिचारिका, मेळघाट
रुग्णांच्या नातेवाइकांसोबत प्रार्थना करणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग झाला आहे, म्हणून थोडे लिहिते. बहिणीला उपासनेला येण्याचा आग्रह करू नका. तिने विचारले तर 88 वे स्तोत्र वाचून दाखवा. त्यात तक्रार आहे आणि शेवटच्या ओळीपर्यंत अंधारच आहे, तरीही ते पवित्र शास्त्रातून कोणी काढून टाकलेले नाही. त्या वडीलधाऱ्यांशी पाळकांनीच एकांतात बोलावे, चारचौघांत नको.

दुसरे असे की, साखळी प्रार्थनेत तासातासाला नावे लिहून घेतली असतील, ती वही अजून मंडळीकडे असेलच. या दिवसांत कपाशीची डवरणी आणि निंदण दोन्ही अंगावर येतात आणि तिच्या घरी डवरा धरणारा माणूस राहिलेला नाही. त्याच वहीतील नावांना पुन्हा वार वाटून द्यावेत आणि ज्याच्याकडे बैलजोडी आहे त्याने पहिला वार घ्यावा.