सिद्धरामेश्वरांना नुसतं ‘थोर जलतज्ज्ञ’ म्हणून मोकळं होणं मला खटकतं

बाळीवेसकर :
सोलापुरात बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, तिच्याआधीच्या एका निबंध स्पर्धेचे साठेक निबंध तपासायला माझ्याकडे आलेत. बहुतेकांची सुरुवात एकच : ‘सिद्धरामेश्वर हे बहुआयामी व्यक्तिमत्त्व होते.’ मग योगी, कवी, समाजसुधारक, जलतज्ज्ञ. पुरवण्यांतले मोठ्यांचे लेखही असेच असतात, पोरं तिथूनच उचलतात.

पदव्या अशा सुट्या सुट्या लिहिल्या की माणूस निसटतो. १५ व्या शतकातल्या ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात एक प्रसंग आहे. सोन्नलगीत, म्हणजे आपल्या सोलापुरात, तळ्याचं काम चालू आहे. शिवशरण संत अल्लमप्रभू येतात आणि मजुरांना विचारतात, तुमचा तो वड्डराम कुठाय? वड्ड म्हणजे दगडमातीचं काम करणारा. गुरूला असं बोलला म्हणून मजूर चिडून त्यांच्यावर दगड टाकतात. पुढे दोघांचा वाद होतो तो याच कामावरून : तळी खोदून, देवळं बांधून आतलं काही हाती लागतं का? सिद्धराम ते ऐकून घेतात, कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला जातात, तिथल्या चन्नबसवण्णा या शरणांकडून अंगावर धारण करायचं इष्टलिंग घेतात. तळं हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न होता, आणि आपण त्याचा ‘मुद्दा क्र. ४’ करून टाकलाय.

पूर्वभागातली :
काय ओ सर, आठवीच्या पोराला शून्यसंपादने कुठून माहीत असणार? आमच्याकडे चार-पाच दिवसांनी नळ येतो. पोरगं ‘जलतज्ज्ञ’ लिहितं तेव्हा त्याच्यासमोर दारातली पिंपं असतात. किल्ल्याशेजारचं तळं त्याला डोळ्यांनी दिसतं. मी तर म्हणते, तळ्यावरच जास्त लिहू द्या. आज त्यात काय काय सोडलं जातं, तेही लिहू द्या.

बाराबंदी :
मला दोघांचंही पटत नाही. आमच्या घरात तिसरी पिढी नंदीध्वज, म्हणजे यात्रेतली उंच मानाची काठी, कमरेच्या पट्ट्यावर पेलते. यात्रेआधी रात्री-रात्री सराव असतो. यण्णीमज्जनाला, म्हणजे यात्रेतल्या तैलाभिषेकाला, ६८ लिंगांना तेल घालत फिरून घरी आलो की कमरेला पट्ट्याचा वळ उठलेला असतो. कुंभारकन्येनं लग्नाचा हट्ट धरला, सिद्धरामेश्वर महाराजांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं. त्याच लग्नाच्या अक्षता यात्रेत संमती कट्ट्यावर अजून पडतात. निबंधात हे ‘अशी आख्यायिका आहे’ म्हणून एका ओळीत उरकतात. एवढी शतकं गावानं त्यांना जपलं ते ‘हर्र बोला हर्र’ म्हणत. लेख लिहून नाही.

अक्कलकोटकर :
अक्षता पाहिजेतच. पण सिद्धरामांची वचनं, म्हणजे त्यांच्या छोट्या कन्नड रचना, कुठं गेली? आमच्या घरी कन्नड बोलतात, म्हणून मला ती लहानपणापासून ऐकायला मिळाली. प्रत्येक वचनात शेवटी ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ येतो. एका वचनाचा अर्थ असा : स्त्री ही नुसती स्त्री नाही, स्त्री राक्षसी नाही, स्त्री प्रत्यक्ष कपिलसिद्ध मल्लिकार्जुन आहे. माझी आई हे भाकरी थापताना म्हणते. ‘स्त्री-पुरुष समानतेचे पुरस्कर्ते’ लिहिण्यापेक्षा ही ओळच उतरवा की.

आणि बाळीवेसकर, ‘सगळ्यात मोठा प्रश्न’ हे तुम्ही ताणताय. तो प्रसंग सिद्धरामांनंतर सुमारे ३०० वर्षांनी मांडलेला आहे आणि त्यात मोठेपणा अल्लमांचा आहे. कन्नड कवी राघवांकांचं ‘सिद्धराम चरित्र’ त्याच्या कितीतरी आधीचं. तिथं सोन्नलगी म्हणजे दुसरं श्रीशैल, आणि तळं खोदणं ही शिवाचीच सेवा.

बाळीवेसकर :
हे बरोबर आहे. ‘सगळ्यात मोठा’ हे शब्द मागे घेतो. पण म्हणूनच सांगतो, एकाच तळ्याबद्दल दोन ग्रंथ दोन गोष्टी सांगतात आणि आपले लेख त्यातली एकही सांगत नाहीत. ‘जलतज्ज्ञ’ म्हटलं की विषय संपतो.

बाराबंदी, तुमच्या वळावरून आठवलं. गठ्ठ्यात एका मुलीचा निबंध होता, वडिलांच्या कमरेवरच्या असल्याच वळाचा. आई रात्री त्याला तेल लावते, एवढंच दीड पान. ‘कार्य’ या मुद्द्याला १० गुण होते आणि तिनं एकही कार्य लिहिलं नव्हतं, म्हणून मी २ दिले होते. काल रात्री तो निबंध पुन्हा काढून वाचला. आता ९ केलेत.

पूर्वभागातली :
चांगलं केलंत. पण म्हणून जलतज्ज्ञवाल्या पोरांचे कापले नाहीत ना?

बाळीवेसकर :
नाही. त्यांच्या समासात लिहिलंय : तळ्यावर जाऊन ये, आणि काय दिसलं ते लिही.