'डायसी'ला मराठीत काय म्हणावं?

तळटीप:
एका माहितीपटाची उपशीर्षकं करतेय. प्रसंग असा: आडवा वारा, विमान नाक वाऱ्याकडे तिरकं धरून धावपट्टीवर येतं, एका बाजूचं चाक आधी टेकतं, मग दुसरं. वैमानिक थंडपणे म्हणतो, 'दॅट वॉज अ बिट डायसी.' मी 'धोकादायक होतं' लिहिलं, तपासणाऱ्यांनी 'जोखमीचं होतं' केलं. दोन्ही पटत नाहीत. जागा एका ओळीचीच आहे.

अर्धविराम:
'धोकादायक' नकोच, तो पाटीवरचा शब्द. डायसीत निकाल अधांतरी हवा. विष धोकादायक असतं, डायसी नसतं, कारण प्यायल्यावर काय होणार ते ठरलेलंच असतं. 'जोखमीचं'ची अडचण वेगळी. जोखीम माणूस हिशेब करून पत्करतो. इथे वारा पत्करलेला नाही, वाट्याला आलाय.

खोडरबर:
'रिस्की' लिहा आणि मोकळ्या व्हा. लोक दिवसभर तेच बोलतात. शुद्ध शब्द शोधत बसलात तर चित्रपट संपेल.

अर्धविराम:
शुद्धतेचा प्रश्नच नाही, छटेचा आहे. 'अ बिट' कुठे गेलं? जीव टांगणीला लागलेला आणि माणूस म्हणतोय 'जरा'. तो 'जरा' गेला तर वाक्यातली गंमतच गेली.

जोडाक्षर:
मूळ बघा. एक फासा तो डाय, अनेक ते डाइस, त्यावरून डायसी. विशेषण तसं अलीकडचं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाच्या बोलीत रुळलेलं. म्हणजे वैमानिकाच्या तोंडी ते अगदी घरचं आहे. 'हॅझर्ड' हेही मुळात फाशांच्या एका खेळाचं नाव. आपल्याकडे 'दान पडणं' आहेच. 'दान कसं पडेल सांगता येत नव्हतं' कसं वाटतं?

खोडरबर:
फासे आणले की शकुनी आला, आणि शकुनी आला की कपट आलं. कपटाचा वास येतो तो शब्द 'डॉजी'. व्यवहार डॉजी, माणूस डॉजी, जुनी वायरिंगसुद्धा डॉजी. डायसी मात्र सहसा परिस्थितीला लावतात: हवामान, रस्ता, वाटाघाटी. माणसाला क्वचितच. आणि 'इफी' त्याहून सौम्य, तिथे नुसती शंका असते, जिवावरचं काही असायलाच हवं असं नाही.

तळटीप:
मग 'काही खरं नव्हतं'?

अर्धविराम:
जवळ आलात, पण काळाने घात केला. 'आज काही खरं नाही' हे वर्तमानात चपखल बसतं. 'नव्हतं' केलं की ते खोटं होतं असा अर्थ निघतो. शिवाय विशेषण म्हणून नामाआधी लावता येत नाही. 'डायसी लँडिंग' आलं की वाक्य मोडून नव्याने बांधावं लागेल. त्यापेक्षा 'जरा अवघडच होतं'. तो 'च' सगळं काम करतो.

खोडरबर:
'अवघड' म्हणजे कठीण. गणितही अवघड असतं.

अर्धविराम:
आणि 'पेशंटचं अवघड आहे' म्हणतात तेव्हा कोणतं गणित असतं?

जोडाक्षर:
फाशांवरून आठवलं, 'पोबारा'सुद्धा तिथलाच. पौ बारा हे सोंगट्यांच्या खेळातलं मोठं दान. हिंदीत त्याचा अर्थ नशीब फळफळलं असा झाला, मराठीत माणूस पळूनच गेला. मोठं दान पडलं की सोंगटी लांब पळते, म्हणून असावं.

खोडरबर:
हे तुमचं 'असावं' नेहमीचंच. बाकी तपासणाऱ्यांनी 'जोखमीचं' लिहिलं हे तरी बरं, हल्ली सर्रास 'जोखीमचं' दिसतं.

तळटीप:
पण नियमाने 'जोखिमीचं' नको का? जमीन–जमिनीचा, मोहीम–मोहिमेचा.

खोडरबर:
तालीम–तालमीत. तिथे 'तालिमीत' म्हणता का?

अर्धविराम:
तालीम आणि मोहीम दोन्ही अरबीतून आलेले, तरी एकाचा स्वर गळतो, दुसऱ्याचा टिकतो. मूळ बघून हे सुटणार नाही. तोंडात बसलं ते टिकलं.

जोडाक्षर:
मग 'जोखीमचं'ही उद्या तोंडात बसेल, तेव्हा कुरकुर करू नका.

खोडरबर:
करणार.