आरमार मोठं म्हणून समुद्र आपला?

असं सर्रास म्हणतात की ज्याच्याकडे विमानवाहू नौका जास्त, समुद्र त्याचा. तांबड्या समुद्रात २०२३च्या नोव्हेंबरपासून जे घडलं ते या हिशेबात बसत नाही. येमेनमधल्या हूथी बंडखोरांकडे नाव घेण्याजोगं नौदल नाही. तरी त्यांनी हेलिकॉप्टरमधून उतरून 'गॅलक्सी लीडर' हे मोटारवाहू जहाज पळवलं, आणि पुढे ड्रोन व क्षेपणास्त्रांनी तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाशी असलेल्या बाब-अल-मांदेब सामुद्रधुनीची वाट नकोशी करून टाकली. काही हजार डॉलरचा ड्रोन पाडायला अमेरिकी विनाशिका वीस लाख डॉलरच्या घरातलं क्षेपणास्त्र डागते. नेम चुकला तरी हूथींचं फारसं बिघडत नाही, कारण खरा मारा विम्यावर होतो. युद्धजोखमीचा हप्ता कित्येक पटींनी वाढला, की कंपन्या आपणहून सुएझ कालवा सोडून आफ्रिकेच्या दक्षिणेकडून, केप ऑफ गुड होपचा वळसा घेतात. दहा-बारा दिवस जादा. सुएझ कालव्याचं उत्पन्न कोसळलं ते इजिप्तचं. त्याचा गाझा युद्धावरून पेटलेल्या या भांडणाशी संबंध काय?

आपल्यालाही झळ लागलीच. जानेवारी २०२४मध्ये 'मार्लिन लुआंडा' हे तेलवाहू जहाज हूथींच्या क्षेपणास्त्राने पेटलं तेव्हा त्यावर २२ भारतीय खलाशी होते आणि आयएनएस विशाखापट्टणमचे नौसैनिक आग विझवायला गेले.

मात्र 'दुबळा जिंकला' असंही मी म्हणणार नाही. हूथींमागे इराण आहे. काळ्या समुद्रात २०२२मध्ये 'मॉस्क्वा' ही रशियन युद्धनौका बुडवणाऱ्या युक्रेनने त्यासाठीचं 'नेपच्यून' क्षेपणास्त्र घरीच बनवलं होतं, पण पाठीशी पाश्चात्त्य देश होतेच.