ब्रिजला गरम पिकअप की जुन्या धाटणीचं?

पाचवा_फ्रेट: गिब्सनच्या लेस पॉलच्या धर्तीची स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार आहे, ब्रिजचं पिकअप (तारांचं कंपन पकडून अँपकडे पाठवणारं चुंबक आणि वेटोळं) बदलायचंय. शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रात सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी, तिथे बरंचसं काम क्लीन, म्हणजे आवाज न फाडता. बुधवारी मित्रांबरोबर मेटल. आत्ताचं पिकअप क्लीनला नुसता चिखल, डिस्टॉर्शनला गोधडी पांघरून बोलल्यासारखं. सेमूर डंकनचं जुन्या धाटणीचं ५९ (वेटोळ्याचा रोध साधारण ८ किलोओहम) घेऊ की त्यांचंच गरम, म्हणजे जास्त जोराचं जेबी (१६ च्या वर)? पैसे एकाचेच आहेत.

जुनी_वळणं: डोळे मिटून ५९. गेन, म्हणजे आवाज फाडणारा जोर, पेडलनं वाढवता येतो. पण पिकअपनंच आवाज जाड करून, दाबून पाठवला तर तो परत मोकळा करणारं पेडल मला तरी माहीत नाही. पिकअपवर तारेचे वेढे वाढले की जोर वाढतो आणि वरची धार बोथट होते. ऑर्केस्ट्रात कॉर्ड छेडली की सहाही तारा सुट्या ऐकू यायला नकोत? मी मुखड्याला व्हॉल्यूम ७ वर ठेवतो, सोलोला १०. पेडलला पाय लावायची वेळच येत नाही. आणि मेटलची काळजी कशाला? रॉक गिटारिस्ट एडी व्हॅन हेलननं १९७८ चा पहिला अल्बम केला तेव्हा त्याच्या घरी जोडलेल्या गिटारमध्ये गिब्सनचं जुनं पीएएफच (त्यांचं सुरुवातीचं हंबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांचं पिकअप) होतं.

डोंबिवली_डिस्टॉर्शन: आला व्हॅन हेलन! कुणीतरी आणणारच होतं. त्यानं ते पीएएफ आधी मेणात बुडवलं, नाहीतर शिट्ट्या मारत बसलं असतं. मागे मार्शलचा अँप, तोही पूर्ण उघडलेला. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, अँप २ च्या पुढे गेला की खालच्या काकू वर येतात.

आणि ‘जुना आवाज’ म्हणजे नेमका कुठला? गिब्सनच्या सेथ लव्हरनं बनवलेल्या या हंबकरसाठी १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज गेला, १९५७ पासून ती लेस पॉलमध्ये लागली. वेढे काही काटेकोर मोजून घातलेले नव्हते, त्यामुळे एखादं ७ किलोओहम भरतं तर एखादं ९. पेटंट मिळाल्यावर त्यावर जो नंबर छापला तो तर लेस पॉल या वादकाच्या टेलपीसच्या (तारा अडकवायच्या भागाच्या) पेटंटचा! अशा कारभाराची आपण पोथी करून ठेवली आहे.

जेबी घे. पाम म्यूटला (तळहातानं तारा दाबून वाजवताना) आवाजाचा मधला पट्टा पुढे येतो. दोन कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडच्या गर्दीतही तोच ऐकू जातो.

जुनी_वळणं: गरम पिकअप आलं कशासाठी, तेही सांगा की. डिमार्झिओचं सुपर डिस्टॉर्शन १९७२ चं. तेव्हाच्या अँपला आजच्यासारखा गेन नव्हता, अँपच्या दारातच सिग्नल जोरात ढकलला तर आवाज फाटायचा. आज तो गेन साध्या पेडलमध्ये मिळतो. दुखणं गेलं, औषध चालूच आहे.

डोंबिवली_डिस्टॉर्शन: पेडलनं ढकललं की अँपकडे जाणारा हिसही वाढतो. पिकअपच जोरकस असेल तर सिग्नल वाढतो, पेडलचा हिस तेवढाच राहतो. मंगल कार्यालयाच्या वायरिंगवर वाजवून बघा एकदा.

सोल्डरवाला: तुमचं चालू द्या, पण दोघंही ओहमला जोर समजताय. तार बारीक घेतली की तेवढ्याच वेढ्यांत ओहम वाढतात. सुपर डिस्टॉर्शन १४ च्या आत आहे, पण सिरॅमिक चुंबकामुळे ते जेबीपेक्षा मवाळ आहे असं म्हणणारा मला अजून भेटायचाय.

पाचवा_फ्रेट, खर्चाआधी दोन फुकटची कामं करा. शेवटचा फ्रेट दाबून तारेपासून ब्रिज पिकअपच्या पोलपर्यंतचं (वर दिसणाऱ्या धातूच्या खुंटीपर्यंतचं) अंतर बघा, गिब्सन १.६ मिमी सांगतं. मग गिटारला केबल लावा, सगळे नॉब १० वर, स्विच ब्रिजला, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर.

पाचवा_फ्रेट: १३.९ आलं! म्हणजे मी ज्याच्या नावानं रडतोय तेच गरम आहे. आणि तार नि पोलच्या मध्ये रुपयाचं नाणं शिरेना. दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून पिकअप जवळजवळ ३ मिमीपर्यंत खाली घेतलं. क्लीनचा चिखल निम्मा गेला. मेटलला मात्र अंग राहिलं नाही.

जुनी_वळणं: बघा!

डोंबिवली_डिस्टॉर्शन: काय बघा? शेवटचं वाक्य वाचलं नाही वाटतं.

सोल्डरवाला: मागचं झाकण काढून पॉटवर (नॉबखालच्या बदलत्या रोधावर) काय लिहिलंय ते सांगा.

पाचवा_फ्रेट: बी२५०के. चारही.

सोल्डरवाला: मग गोधडी तिथेच आहे. हंबकरला ५०० किलोओहमचे लागतात, २५० चे वरचा आवाज गिळतात. टोनचे राहू द्या, व्हॉल्यूमचे दोन बदला. जुने पॉट छोटे असतील तर भोक मोठं करावं लागेल. रीमरनं हळूहळू करा, ड्रिलनं कडेचं पॉलिश उडतं.

पाचवा_फ्रेट: या रविवारी प्रोग्रॅम नाही, बदलून टाकतो. नंतर बहुतेक ५९ च. बुधवारसाठी पुढे ओव्हरड्राइव्ह पेडल लावीन.

डोंबिवली_डिस्टॉर्शन: घाई करू नकोस. माझ्याकडे एक जेबी पडून आहे, कुरिअर करतो. महिनाभर वाजव, मग ठरव.

जुनी_वळणं: पडून का आहे, तेही सांगा की.