मदत हवी आहे: नैरोबीत दादाचा पासपोर्ट चोरीला गेलाय

आम्ही बडोद्यात दांडिया बाजारला राहतो, दादा नोकरीसाठी नैरोबीत आहे. परवा बाइकवरच्या दोघांनी त्याची बॅग हिसकावली, पासपोर्ट त्यातच होता. नव्या पासपोर्टसाठी हाय कमिशनला पोलीस रिपोर्ट लागतो, पण चौकीवाल्याने ओबी नंबर (चौकीच्या नोंदवहीतला तक्रारीचा नंबर) नुसता चिठोऱ्यावर लिहून दिला आणि पुढच्या लेखी पोलीस रिपोर्टसाठी, म्हणजे अ‍ॅब्स्ट्रॅक्टसाठी सरळ पैसे मागतोय. आई म्हणते देऊन टाक, परक्या मुलखात कशाला कोणाशी वाकडं घ्यायचं. मला अजिबात पटत नाही, केनियाच्या २०१६ च्या लाच कायद्यात देणाराही गुन्हेगार धरतात, आणि वर हा परदेशी माणूस. तिथल्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाकडे तक्रार केली तर चौकीवाले मागे लागतील का? आपल्या परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर टाकून कोणाचं काम झालंय का? तिकडे कोणाचे नातेवाईक असतील तर प्लीज लवकर सांगा, दादा एकटाच आहे हो तिथे.